थोरल्याला धाकट्याला

आमचं भांडण जमिनीवरून आहे असं वाडीत सगळे सांगतात. वाडीला काय, जमीन दिसते. खरं भांडण 'ला'वरून आहे. थोरल्याला, धाकट्याला, ह्यात शेवटी जो 'ला' येतो ना, तो. एवढ्याशा अक्षरापायी दोन सख्खे भाऊ कितीतरी पावसाळे एकमेकांशी बोलले नाय.

मी त्यातला धाकटा. शाळा म्हणाल तर चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरच बोलले, "बाबा रे, आता बसू नको, उभा राहा आणि गुरांमागे जा." हे पण मी लिहीत नाय. मी बोलतो, मोबाईल लिहून घेतो. मधेच तो माझं बोलणं सुधारतो, पुण्याचं करतो, मग मी परत ते आपलं करून घेतो. पोटाला सहा सीटची रिक्षा आहे, हायवेच्या तिठ्यापासून रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत. रविवारी कोणी भेटला तर भाट्याच्या समुद्रापर्यंत. सहा सीटमध्ये नऊ माणसं आणि माझं तोंड, एवढं सगळं मावतं.

जागा अशी आहे. वर रस्ता. रस्त्याला लागून थोरल्याचं घर. त्याच्या खाली उतारावर माझं. माझ्याही खाली पाण्याची बाव, म्हणजे विहीर, दोघांत मिळून एकच. बापसाने हयातीतच वाटणी केली, वरचं थोरल्याला, खालचं मला. आणि दोन्ही तुकड्यांच्या कडेने रस्त्यापासून बावीपर्यंत एक पट्टी, बैलगाडी जाईल एवढी, ती स्वतःला ठेवलीन. ठेवलीन म्हणजे तोंडी. आमच्याकडे सगळं तोंडीच. त्या पट्टीवरून तो खाली बावीवर आंघोळीला जायचा आणि वर येऊन रस्त्याच्या कठड्यावर बिडी ओढायचा. तेवढाच तिचा उपयोग.

एका दुपारी सगळे जेवायला बसलेलो. थोरला मुंबईची नोकरी संपवून नुकताच परत आला होता. वहिनी होती, त्यांची पोरगी होती, माझी बायको होती, आई वाढत होती. बापसाने कुळथाच्या पिठीचा भुरका मारलान आणि बोलला,

"थोरल्याला धाकट्याला वाट द्यायची हाय."

पुढे आणखी बोलणार होता, तोंड उघडलंन पण होतं. पण मी गप बसेन तर मी कसला? मी बोललो, "बाबा, वाट द्यायची की लावायची?"

झालं. सगळी पंगत हसली. थोरल्याला ठसका लागला. बापूसही हसला, आणि हसता हसता जे सांगायचं होतं ते पिठीबरोबर गिळून टाकलंन. पुढच्या सोमवारी बावीवरून वर येताना त्या पट्टीवरच टेकला, तो उठलाच नाय. माणसं मरताना मागे काय काय ठेवतात. आमच्या बापसाने अर्धं वाक्य ठेवलंन, आणि ते अर्धं पण माझ्यामुळे.

तेरावं होईपर्यंत आम्ही भाऊ भाऊ होतो. दुसऱ्या दिवशी थोरला बोलला, "बाबा काय बोलले ते लक्षात हाय ना? थोरल्याला पहिला धरला, म्हणजे मान थोरल्याचा. थोरल्याला काय? तर धाकट्याला वाट द्यायची हाय. बावीपर्यंत. पंपाचा पाईप टाकायचाय मला."

मी बोललो, "दादा, पहिला तुला धरला म्हणजे काम तुझं. थोरल्याला काय करायचं हाय? धाकट्याला वाट द्यायची हाय. रस्त्यापर्यंत. माझी रिक्षा दारात येऊ दे."

घ्या. तेच शब्द, तोच क्रम. फक्त दम कोणी कुठे खाल्ला तेवढाच फरक. पण त्या दमात त्याला बाव मिळत होती आणि मला रस्ता.

भांडण वाढलं तसं एका सकाळी त्याने पट्टीचा वरचा अर्धा भाग आपल्यात घेतला आणि तिथे गाडीला शेड घातली. मी काय कमी? खालचा अर्धा मी घेतला आणि तिथे न्हाणी बांधली. बापूस ज्या वाटेने आंघोळीला जायचा त्या वाटेवर मी आता आंघोळ करतो. मधे गडगा घातला, जांभ्याच्या चिऱ्यांचा, पुरुषभर उंच. गडगा मात्र दोघांनी मिळून घातला, अर्धे चिरे त्याचे, अर्धे माझे. बापसाच्या मागे आम्ही एकत्र केलेलं काम म्हणाल तर ते तेवढं एकच. काम चोख झालं. आजपर्यंत एक चिरा हललेला नाय.

तेव्हापासून माझी रिक्षा वर परक्याच्या दारात उभी असते आणि मी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने वळसा घालून खाली घरी येतो. त्याला पाणी हवं तर तो त्याच वळशाने खाली येतो. दोघं वाटेत समोरासमोर आलो की एक जण झाडाला पाणी घालायला थांबतो. बसा समजून कसलं पाणी ते.

ह्या सगळ्यात खरी पिसली गेली ती आई. तिला आम्ही चंद्रासारखी वाटून घेतली, अमावास्येला माझ्याकडे, पौर्णिमेला त्याच्याकडे. पाळी बदलली की तिने काठी टेकत पऱ्यातून गोल जायचं. सरळ गेली तर हाकेवर घर. पण सरळ गडगा. गुडघ्यांनी तिच्या कधीच राजीनामा दिलेला. दर पाळीला पऱ्यातल्या त्या निसरड्या कातळावर ती थांबायची आणि विचारायची, "अजून किती रे?" तिला माहीत नसायचं असं थोडंच? तिचीच वाट होती ती, लग्न होऊन आली तेव्हापासूनची. पण विचारायची. आणि मला समजायचं, की वाट कोणीतरी कोणाला तरी दिली नाय तर एक दिवस ही ह्या कातळावर पडणार. थोरल्यालाही समजायचं. समजत दोघांना होतं. देत कोणी नव्हता.

आईला विचारलं नाय असं नाय. दोघांनीही विचारलं, आपापल्या पाळीत. "बाबा नक्की काय बोलला गो?" ती बोलायची, "मला आयकायला आलं नाय, मी वाढत होते." बरोबर आहे. अमावास्येला खरं बोलली असती तर पौर्णिमेला उपाशी राहिली असती.

आता थोरल्याची पोरगी. ही देवरूखच्या कॉलेजात शिकली, मग पुण्याला गेली, आणि तिथे काय करते तर कॉम्प्युटरला मराठी शिकवते. मी बोललो, "बरं झालं बाय, माणसं इंग्लिश शिकायला लागली, मराठीला कोणीतरी विद्यार्थी पाहिजेच होता." आमच्या दोन घरांत ही एकटीच अशी, जी वळसा घालत नाय. गडग्यावर चढते आणि माझ्या न्हाणीच्या बाजूला धपकन उडी मारते. मी आत असलो तर ओरडून सांगायला लागतं, "थांब गो, काका उघडा हाय!"

गेल्या उन्हाळ्यात ती लॅपटॉप घेऊन आली. बोलली, "काका, आपल्याकडचं बोलणं मशीनला समजत नाय. मला खूप वाक्यं पाहिजेत, घरात बोलतात तशी. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काही पण. तुमच्याएवढं बोलणारं मला दुसरं कोण मिळायचं नाय."

उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला सांगितलं, बोल. बायको चुलीपाशी होती, तिने कपाळावर हात मारलान.

पहिल्या दिवशी तिने माझं एक वाक्य मशीनमध्ये घातलं. मशीन आधी पेपरांवर शिकलेलं, पुण्यामुंबईच्या. त्याने निकाल दिला, असं वाक्य असू शकत नाय. शक्यता शून्य. मी बोललो, "तुझी काकी पण हेच म्हणते, हा माणूस असू शकत नाय." ती हसली आणि बोलली, "नाय काका, शून्य कोणाला द्यायचं नसतं. जे कधीच ऐकलं नाय त्याला पण पैसाभर वजन ठेवायचं. नायतर मशीन हट्टी होतं, नवं काही ऐकूनच घेत नाय."

मग तिने ते वाक्य काढून दाखवलं. वाक्याचं झाड असतं म्हणाली. मुळं वर, फांद्या खाली, आणि टोकाला शब्द लटकलेले. मी बोललो, "असं झाड आमच्याकडे फक्त वाघळांना दिसतं." एका वाक्याची कधी कधी दोन झाडं होतात, तीन होतात. तिने मला विचारलं, "'मी हसताना बायकोला बघितलं.' ह्यात हसतं कोण, तुम्ही की काकी?" मी बोललो, "आमच्या घरात बायकोने हसायचं बंद केलंय, तेव्हा मीच." ती बोलली, "बघा, तुम्ही तुमच्या घरावरून ठरवलंत. मशीन पण तसंच करतं. आधी ऐकलेल्या वाक्यांत कुठली जोडणी किती वेळा आली ते मोजून ठेवतं. नवीन वाक्य आलं की होतील तेवढी झाडं काढतं, आणि ज्याचं वजन जास्त ते वर ठेवतं."

हे मला समजलं. समजायला काय, माझा धंदाच तो. तिठ्यावर माणूस उभा असतो. हातात डबा, म्हणजे कंपनीत. हातात फाईल आणि तोंड सुकलेलं, म्हणजे कचेरीत. तो बोलायच्या आधी मी रिक्षा वळवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर वळवतो. एकदा एक बाई नारळ आणि फुलं घेऊन बसली. मी विचारलंच नाय, नेऊन सोडली देवळापाशी. ती रडायला लागली. तिला सिव्हिलला जायचं होतं, पोराचं ऑपरेशन होतं, नारळ तिथेच ओवाळून टाकायचा होता. मी पुतणीला हे सांगितलं. ती बोलली, "हेच, काका. मशीन सांगतं लोक बहुतेक काय बोलतात ते. ह्या माणसाला काय बोलायचं होतं ते नाय सांगत."

हे वाक्य तिने त्या उन्हाळ्यात मला कितीतरी वेळा ऐकवलं. माझ्या कानाचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे. आत काही जात नाय, आतून फक्त निघतं.

महिनाभर मी बोललो. रिक्षात बोललो, बावीवर बोललो, मासे घेताना कोळणीशी भांडलो ते पण तिने टिपलं. मग एका दुपारी, ती माझ्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसलेली असताना, मी जरा इकडे तिकडे बघत बोललो, "बाय, एक वाक्य घालून बघ ना."

"कुठलं?"

"थोरल्याला धाकट्याला वाट द्यायची हाय."

तिने हात मागे घेतला. "काका, ते नको."

"का? मशीन पण तुझ्या बापाचं मिंधं हाय काय?"

ते तिला लागलं. तिने घातलं. पडद्यावर तीन झाडं आली. मला वाचता जेमतेम येतं, पण झाडाकडे बघून फांदी कुठे गेली ते समजतं. पहिलं झाड, थोरला देणार, धाकट्याला मिळणार. वजन विचारलं तर बोलली, "रुपयात बारा आणे धरा." दुसरं झाड, धाकटा देणार, थोरल्याला मिळणार, ते चार आण्याला थोडं कमी. तिसरं पैसाभर. तिसऱ्याकडे मी बघितलंच नाय. जिंकलेला माणूस यादीत खाली बघतो काय?

ती मागून ओरडत होती, "काका, मी काय सांगितलं होतं तुम्हाला!" मी तोवर गडग्यापाशी.

"ओ दादा! आयकलंत काय? कॉम्प्युटरने निकाल दिलान! बारा आणे माझे!"

पलीकडून थोरल्याचा आवाज आला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा थेट मला. "कसले बारा आणे मेल्या?"

"वाटेचे! तुमच्याच पोरीचं मशीन हाय! तुम्हाला द्यायची हाय, मला नाय!"

"माझ्या पोरीला शिकवायला पैसे मी घातले, आणि मशीन तुझं बोलतं?"

"अक्कल घातली नाय तुम्ही, म्हणून!"

शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

थोरला माझ्यासारखा नाय. तो मुंबईत कारकून होता, तो चौकशी लावतो. त्याने पोरीला समोर बसवून विचारलं, हे मशीन कोणाच्या बोलण्यावर शिकलंय? तिने सांगितलं, थोडं पेपरांचं, बाकीचं काकांचं. मग बोलला, काकांची वाक्यं दाखव. आणि ती वाक्यं त्याने गडग्याजवळ उभं राहून मोठ्याने वाचलीन, मला आणि वाडीला ऐकू जातील अशी.

"'बायकोला मला चहा द्यायचा हाय, पण ती देत नाय.' 'सरकारला मला घरकुल द्यायचं हाय.' 'सासऱ्याला मला अंगठी द्यायची होती, दिलान नाय.' 'मालकाला मला टायर द्यायचा हाय.' 'देवाला मला पोर द्यायचं होतं, विसरला.'" तो थांबला. "अरे, सगळं जग तुला देणं लागतं? ह्याच्या तोंडून शिकलेलं मशीन, ते ह्याच्याच बाजूने बोलणार!"

लोक हसले. मी पण हसलो, सवय आहे. पण महिनाभर मी जे बोललो त्यात एकदाही 'मला कोणाला तरी काहीतरी द्यायचं हाय' असं आलं नव्हतं. मी तसं ठरवून बोललो नव्हतो. ते आपोआप तसं येत होतं. मशीनने माझं काही बिघडवलं नव्हतं, फक्त मोजलं होतं.

थोरल्याने मग जाहीर केलं, आता मी बोलणार. पोरीने परोपरीने सांगितलं, बाबा, असं होत नसतं, ठरवून बोललेलं कामाचं नाय. तो ऐकतो काय? पडवीत खुर्ची टाकून बसला आणि उलटी वाक्यं बोलायला लागला, म्हणजे आधी घेणारा, मग देणारा. मी न्हाणीत कान लावून होतो. "मला शेजाऱ्याला कोयती द्यायची हाय. मला दुकानदाराला सुतळी द्यायची हाय. मला बायकोला चहा द्यायचा हाय." म्हणजे त्याच्या मनात, बायकोने त्याला चहा द्यायचा.

आतून वहिनी बाहेर आली. "मग उठा आणि द्या की! लग्न झाल्यापासून आज सुचलं?"

"अगो तसं नाय, तू मला द्यायचास…"

"आता बोललात ना, मला बायकोला द्यायचा हाय म्हणून? आयकलंय मी. आधण ठेवा जा."

न्हाणीत मी तोंडात टॉवेल कोंबला. पण थोरल्याने हट्ट सोडला नाय. दिवसभर उलटं बोलला, आणि संध्याकाळी पोरीने कंटाळून सांगितलं, "झालं. आठ आणे, आठ आणे. आता दोघं खूश?" दोघंही नव्हतो.

पौर्णिमा आली तशी मी आईला घेऊन निघालो, त्याच्याकडे पोचवायला. पऱ्यातून, कातळावरून. ह्या वेळी ती दोनदा बसली. वर पोचलो आणि मी नेहमीसारखा तिला दारात सोडून परत वळलो, तर पुतणी बोलली, "काका, बसा. दोघंही बसा. मला एक दाखवायचंय."

इतक्या वर्षांनी मी त्या पडवीत बसलो. थोरला समोर. आई कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत होती. वहिनीने मला चहा दिला, बशीशिवाय, पण दिला.

पोरगी बोलली, "मी आजीचं पण बोलणं घेतलं होतं. तुमच्या दोघांच्या आधीपासून. कोंबड्यांचं, भाताचं, तुमच्या लहानपणाचं. जमिनीचं काही नाय विचारलं. ते सगळं मी आता मशीनला शिकवलं." आणि तिने मोबाईलवर आईचा आवाज लावला. आई सांगत होती, पूर्वी कसं असायचं. सकाळी उठायची, चूल पेटवायची, "थोरल्याला धाकट्याला पेज घालायची हाय, मग शेतावर जायचं हाय. थोरल्याला धाकट्याला सदरा शिवायचा हाय. थोरल्याला धाकट्याला शाळंत घालायचं हाय." मधे 'आणि' नाय. कुठेच नाय. दोघांना एकाच दमात.

पोरीने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. तीच तीन झाडं. पण मी ज्याच्याकडे बघितलं नव्हतं ते, पैसाभराचं, आता वर आलं होतं. त्यात थोरला आणि धाकटा एकाच फांदीला लटकत होते, शेजारी शेजारी. दोघंही घेणारे. देणाऱ्याची जागा रिकामी.

"देणारा कुठाय?" थोरल्याने विचारलं.

"बोलणारा स्वतः असला की आपण सांगत नाय," ती बोलली. "'पेज घालायची हाय' बोलताना आजी कुठे 'मला' म्हणते?"

मी माझ्या न्हाणीचा विचार करत होतो. तो त्याच्या शेडचा करत असणार. पट्टी बापसाची होती. रस्त्यापासून बावीपर्यंत. थोरल्याला, धाकट्याला.

"मशीन हे सिद्ध करत नाय," पोरगी बोलली, हळू. "ते फक्त कोण कसं बोलतं ते सांगतं. पण आजोबा जन्मभर हिच्याबरोबर बोलले. तुम्हा दोघांबरोबर नाय."

थोरला आईकडे वळला. "आये, असंच बोलले होते काय बाबा?"

आईने तेलाची वाटी खाली ठेवलीन. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलंन, एकदा ह्याच्या, एकदा माझ्या. "मला आयकायला आलं नाय," ती बोलली. "मी वाढत होते."

मग थोरल्याने घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर मशीनचं काय खरं असतं? परवा आठ आणे, आज भलतंच."

"तेच म्हणतो मी," मी बोललो. "आमच्या बोलण्याचं त्याला काय समजणार? पेपर वाचून मोठं झालेलं."

"आणि म्हातारं माणूस. बोलताना आणि-बिणी राहतं."

"राहतंच. दात कुठे होते?"

"मशीनच्या सांगण्यावरून जमीन सोडायची म्हणजे…"

"उद्या बोलेल घर सोडा."

थोरला हसला. मी पण हसलो. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो, आमचं एकमत झालं. मशीन चुकलं. त्याने मला विचारलंन, अजून थोडा चहा घेतोस काय? मी हो बोललो. ह्या खेपेला बशी आली.

पोरगी आमच्याकडे बघत होती. मग तिने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि आत गेली. दोन दिवसांनी पुण्याला गेली ती दिवाळीला पण आली नाय. वहिनी सांगते, काम असतं. असेल.

त्या पंधरवड्यात आई थोरल्याच्या अंगणात पडली. कातळावर नाय, सपाट जमिनीवर. हाड मोडलं नाय, पण गुडघा कामातून गेला. अमावास्या आली तसा थोरल्याने निरोप पाठवला, तुझी पाळी, घेऊन जा. मी निरोप पाठवला, पऱ्यातून पाठुंगळी घेऊन मी पण पडेन, शेडमधून वाट दे, नेतो. त्याने उलट पाठवला, न्हाणी पाड, आणून सोडतो. मग पौर्णिमा आली, आणि पाळी आपोआप त्याची झाली. पुढच्या अमावास्येला कोणी निरोप पाठवला नाय.

ती आता तिकडेच असते. आमच्या कपडे धुवायच्या दगडावर उभा राहिलो की गडग्यावरून थोरल्याची पडवी दिसते. आई बाजल्यावर बसलेली असते. मी हात हलवतो, वाकुल्या दाखवतो, कोंबड्यासारखा आरवतो. कधी बघते, कधी नाय. तिला आता कमी ऐकू येतं, ह्या वेळी खरोखरचं.

काल तिने माझ्याकडे बघून हात वर केलान आणि काहीतरी बोलली. तीन-चार शब्द असतील. मी ओरडलो, "काय गो आये?" ती परत बोलली. वारा खालून वर जात होता, तिचं काही माझ्यापर्यंत पोचलं नाय. थोरला तिच्या शेजारीच उभा होता, त्याला नीट ऐकू गेलं असणार. विचारायचं तर मला त्याला हाक मारायला लागली असती. तो पण माझ्याकडे बघत होता, मी विचारतो काय म्हणून. मी दगडावरून उतरलो.